तीन भोकं

मे महिन्यात हिडकलचं पाणी मागं सरतं
तेव्हा मी सकाळी सहाची हुक्केरी गाडी धरतो
आणि थांबा नाही तिथं उतरतो.
कंडक्टर आता विचारत नाही.
पहिल्या वर्षी विचारलं होतं त्यानं,
"अल्ली एन ऐत्री सर, तिकडं काय हाय?"
मी म्हटलं, चिखल.

चिखल वाळून तडकलेला, कडेनं पापडागत उचललेला.
त्यावर बगळ्यांची पावलं, आणि माझी.
पाणी दरसाल थोडं थोडं परत करतं:
बिनकानाचा कप, मातीची पणती,
दगडी उखळ (ते मी उचलत नाही, जागच्या जागी बरं),
एकदा निम्मी पाटी, तिच्यावर कुणी कोरलेला एकच आकडा, सात.

नोकरीत होतो तेव्हा भूमापन कचेरीत ट्रेसर होतो.
ह्या जागेवर नकाशात निळा रंग मी भरलाय.
चांगला भरलाय, कडेबाहेर कुठं गेला नाही.

ह्या वर्षी सापडलं ते काळं, वाटोळं, ओंजळीएवढं.
आधी वाटलं दगड. नखानं कोरलं तर लाकूड.
वरून खोलगट, आणि तळाशी तीन भोकं.
पालथं केलं की कुणीतरी तोंड उघडून
आपल्याकडं बघतंय असं.

संकेश्वरात मोटर रिवाइंडिंगवाला मलिक म्हणाला,
"थ्री-पिन हाय की वो. जुन्या काळातलं."
आणि स्वतःच इतका हसला की चहा सांडला.
मठातल्या ऐनवरांनी कपाळाला लावलं, तीन भोकं म्हणजे विभूतीची तीन बोटं.
मी काही बोललो नाही.
काळाप्पा बडिगेरनं वास घेतला, दातानं चावून बघितलं,
"लाकूड शिसवीचं. पुढचं इच्चारू नका,
मी सोफे करतो."

महिनाभर टेबलावर होतं.
नोंदवहीत आकडा घातला, एकेचाळीस,
लांबी, रुंदी, वजन, कुठल्या बांधाजवळ.
नावाचा रकाना मोकळा.

मग नव्या गावात गेलो. सरकारी प्लॉटांच्या ओळीत
शेवटच्या घरात तंगेव्वा, डोळ्यांत फुलं पडलेली.
तिच्या मांडीवर ठेवलं.
तिनं बघितलं नाहीच. उजवी मूठ वळली,
वर धरली, आणि करंगळीच्या फटीतून
काहीतरी सोडत बसली. काहीच नव्हतं हातात.
तरी तिचा अंगठा थांबत होता, सुटत होता,
थांबत होता.
"चाडं," ती म्हणाली. "कूरगीचं. तुमची तिफण न्हवं का, तिचं.
ज्वारी सोडायची ह्यातनं."

मी पेन काढलं. झालं म्हटलं, रकाना भरला.
पण तिची बोटं कडेवरनं फिरतच होती,
एकदा, दोनदा, आणि एका जागी अडली.
"हिकडं झिजलंय बघा.
सगळ्यांचं उजवीकडं झिजतंय. हे डावीकडं."
गप्प बसली.
आत कुकरची शिट्टी झाली, सुनेनं टीव्ही बारीक केला.
"एडगै. डावखुरी.
आमच्यात एकच होती तसली. शिवक्का, बेळ्ळद्यांची.
सासू म्हणायची, डाव्या हातानं पेरलं की उगवत नाही."
"मग? उगवायचं?"
तंगेव्वानं माझ्याकडं तोंड केलं, चुकून भिंतीकडंच केलं,
"सगळ्यांच्या आधी."

शिवक्का कुठं गेली ते तिला ठाऊक नाही.
पैसे वाटले त्या दिवशी रांगेत होती म्हणे,
अंगठा कुठल्या हाताचा द्यायचा
ह्यावरनं कारकुनाशी भांडत.

मी उठलो. चाडं तिथंच ठेवायला निघालो तर म्हणाली,
"माझं न्हवं ते. न्ह्या."

नोंदवहीत आता नाव आहे. नावापुढं आणखी एक नाव आहे,
त्याला रकाना नव्हता, समासात लिहिलं.

त्याच दिवशी चाड्याशेजारी एक तारही सापडली होती,
तांब्याची, दोन वेढ्यांची, एका टोकाला चपटी केलेली.
तीही तंगेव्वाच्या तळहातावर ठेवली होती.
तिनं कानाजवळ नेऊन हलवली.
"हे काय की," म्हणाली.
बेचाळीस.